गळती

चांगल्या जागा नकाशात नसतात.
नकाशात असतात तिथे
सुट्टीच्या दिवशी पहाटेच बारा ट्रायपॉड उभे,
आणि रोहित पक्षी इतके लांब
की माझ्या सेकंडहँड लेन्समधून
ते गुलाबी आहेत हे मानून चालावं लागतं.

जागा ठाऊक असतात त्या भलत्याच माणसांना.
बख्त जमीन सांडपाण्याचा टँकर चालवतो.
म्हणाला, पक्षी हवेत ना? मग नाक सांगेल तिकडे जा.
शम्सुल पोलोच्या मैदानावरचं गवत राखतो.
म्हणाला, साडेचारला फवारे सुटतात,
घोडेवाले यायच्या आत ये,
फाटकावर माझं नाव सांग, कॅमेरा पिशवीतच ठेव.
तिथे मला हुदहुद मिळाला.
ओल्या मातीत चोच खुपसत होता,
अंधारात किल्ली पडल्यासारखा.

पण माझी जागा मलाच सापडली.
अजमानला, जुर्फच्या मागच्या बाजूला,
आमच्या कॅम्पच्या बी-ब्लॉकची भिंत संपते तिथे
जमिनीतला पाइप कुठेतरी गळत होता.
खारवट मातीवर पसरलेलं पाणी,
दोन बॅडमिंटन कोर्टांएवढं,
कडेला लव्हाळा, मध्ये अर्धा बुडालेला टायर.
डिसेंबरात त्या टायरवर तुतवार उतरला.
मग परीट. मग शेकाट्यांची जोडी,
लाल काटकुळ्या पायांनी आपापल्या प्रतिबिंबावर
जपून पाय देत.
एकदा लव्हाळ्यातून निळ्या गळ्याचा शंकर
पुढे येऊन बसला, चार सेकंद.
चारातली तीन मी बघण्यात घालवली.

सुमेधाला फोटो पाठवला.
तिचं उत्तर : पक्षी छान. मागे गटार आहे का?

लोक म्हणतात, तुम्हीही तसेच,
दुरून उडत आलेले.
मी मान हलवतो. वाद कोण घालणार.
पण शेकाट्याचा पासपोर्ट
कुणाच्या कपाटात नसतो.

जानेवारीत तक्रार आली. क्रमांक चार-चार-एक-सात.
बी-ब्लॉकमागे पाणी साचते, डास फार, तातडीचे.
मेंटेनन्स सुपरवायझर : मी.
मी तिच्यावर लिहिलं, पार्ट मागवला आहे.
पार्ट माझ्याच खणात होता,
पाकीटही न फोडलेला.
अकरा दिवस मी रोज तो खण उघडून
त्यातलं पेन घेतलं.

बाराव्या दिवशी खोली नऊमध्ये गेलो.
घनबहादुर, रात्रपाळीचा, वय असेल बावीस.
भर दुपारी चादर डोक्यापर्यंत ओढून बसलेला, जागा.
त्यानं बाही वर केली.
मी पार्ट घेऊन आलो.

काम वीस मिनिटांचं.
त्यातली पंधरा खणण्याची.

पाणी लगेच गेलं नाही.
रोज संध्याकाळी हातभर मागे सरायचं,
शेकाटे त्याच्यासोबत मध्याकडे सरायचे.
शेवटी टायरभोवती एक काळी ओल,
आणि तिच्यात एकच पक्षी, कुठला ते
उजेड गेल्यामुळे सांगता येत नाही.
मग मीठ. मिठावर तीनबोटी पावलं,
येणारी आणि जाणारी, एकमेकांवरून.
तो फोटो मी कुणाला पाठवलेला नाही.

काल बसच्या रांगेत घनबहादुरनं हटकलं.
सर, तुम्ही चिड्यांचे फोटो काढता ना?
आमच्या साइटवर चौदाव्या मजल्यावर
सिमेंटची एक बादली उपडी करायची राहिली.
तिच्यात होल्यानं अंडी घातलीत. दोन.
फोरमनला दिसू नये म्हणून आम्ही
पुढे प्लायवूड उभं करून ठेवलंय.
कॅमेरा वर नेऊ देत नाहीत, सर,
पण तुम्ही गळतीची तपासणी म्हणून येऊ शकता.

कुठे गळतंय, मी विचारलं.
तो म्हणाला, ते तुम्ही ठरवा.