नऊ इंच आणि अदपाव

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत
एमेट ब्रुंगार्टचा पंजा भरला
नऊ इंच आणि अदपाव.
सव्वानऊ असता तर बरं झालं असतं,
आमच्या ऑफिसात सव्वानऊच्या खाली
भुवया वर जातात.
मी पट्टी पुन्हा लावली, त्यानं बोटं पुन्हा ताणली,
आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

साउथ डकोटा, मार्चचा दुसरा आठवडा.
मैदानाच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग,
वारा असा की प्लॅस्टिकचे शंकू आपणहून चालायला लागले.
आम्ही चौदा जण, चौदा टोप्या, चौदा स्टॉपवॉच,
कोणीच कोणाला आकडा सांगत नव्हतं.

त्यानं एकसष्ट चेंडू फेकले.
एकोणिसावा वाऱ्यानं खांद्यावर घेतला
आणि झेलणाऱ्याच्या पार मागे
बँडवाल्यांच्या रिकाम्या बाकांवर नेऊन ठेवला.
सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.
माझी नाही. तेहतीस वर्षांत एवढंच शिकलोय,
हातातून सुटलेल्या चेंडूकडे बघू नये.
ब्रुंगार्टनं तळवा पँटला पुसला,
तोंडातल्या तोंडात वाऱ्याला काहीतरी सुनावलं
आणि विसावा मागितला.
चेंडू. विश्रांती नव्हे.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
क्वार्टरबॅकचे खिशात दिसतात.
पाच धिप्पाड माणसांनी उभ्याउभ्या शिवलेला खिसा,
अडीच सेकंदांत उसवणारा.
त्यात उभं राहून पोरानं लांबचं बघायचं,
आणि जवळचं, सव्वाशे किलोंचं, धावत येणारं
नुसतं कानानं ओळखायचं.

आदल्या रात्री मोटेलात हेच पाहत बसलो होतो.
फिल्मचा आवाज बंद. हीटर खोकत होता.
नोव्हेंबरची मॅच, सतरा विरुद्ध एकतीस, हरणारी बाजू त्याची.
डावीकडून खिसा टरकन फाटला
आणि त्याचे पाय जागचे हलले नाहीत,
जणू कोणी फक्त दार उघडलं होतं.
मागे नेलं. पुन्हा पाहिलं. अकरा वेळा.
धाडस असेल.
किंवा त्याला दिसलंच नसेल.
फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं.

सामान सांभाळणारा लेस्टर म्हणाला,
पोरगं सराव संपल्यावर चेंडू स्वतः गोळा करतं.
हे मी सत्तावीस कॉलेजांत ऐकलंय.
डॅरियन फॉल्कनबर्गबद्दलही ऐकलं होतं,
त्याच्या नावाखाली तर मी दोन रेघा ओढल्या होत्या.
तो आता टल्सात छपरं विकतो.
दर नाताळाला मला कार्ड पाठवतो,
त्यात मुलींचा फोटो, धाकटीचे पुढचे दात पडलेले.
रागाचा एक शब्द नसतो.
ते कार्ड मी फ्रिजवर लावत नाही.

निघताना ब्रुंगार्ट पार्किंगपर्यंत चालत आला.
पलीकडे त्याच्या आईचा पिकअप धुरकटत उभा होता,
तिनं मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं होतं.
'काय लिहिलंत?' त्यानं विचारलं.
बाकीच्या तेरांना विचारलं नसावं.
किंवा सगळ्यांनाच विचारलं असेल, मला काय ठाऊक.
'वारा,' मी म्हणालो. 'ताशी अठ्ठावीस मैल.'
'तीस होता,' तो म्हणाला,
आणि पंजा पुढे केला. गार, कोरडा,
माझ्या हातापेक्षा थोडासाच मोठा.

फॉर्मवर बारा चौकटी आहेत.
अकरा जेवणाआधी भरल्या.
बारावीत काय भरायचं ते छापलेलं नाही,
नुसतं 'तुमचं मत' एवढंच,
आणि खाली दोन ओळींची जागा, फार तर तीन.

रात्री दोनला उठून
मी वाऱ्याचा आकडा खोडला, तीस केला.
पंजाच्या आकड्यावर पेन थोडा वेळ थांबलं.
मग तिथे, स्वच्छ अक्षरात, पुन्हा एकदा लिहिलं
नऊ आणि अदपाव.