मधले दिवस

वाळपईच्या कचेरीत माझं टेबल जिन्याखाली.
खाली मदत, वर विकास.
या जिन्यानं आजवर एकही फाईल
आपल्या पायांनी चढलेली नाही.

म्हादई घरांत शिरली त्या रात्री
एकोणतीस कुटुंबं शाळेत आणली.
सह्या मीच घेतल्या :
ताडपत्री एक, बादली एक, तांदूळ दहा किलो.
भागी वरकनं मुठीत धरून पाहिला तांदूळ,
"हो उकडो न्हय रे. ह्याची पेज कशी व्हायची?"
मी लिहिलं, तांदूळ मिळाला.
पेजेला रकाना नव्हता.

नव्वद दिवसांनी मदत संपली.
म्हणजे, संपली असं पत्र आलं.
शाळेला वर्ग हवे होते.
मी फाईल बांधली, फितीला गाठ मारली.
वरची फाईल उघडली दोन वर्षांनी :
पुनर्वसन, टप्पा पहिला, चर्चेसाठी.

मधले दिवस कुठल्या मजल्यावर राहिले
ते एका रविवारी कळलं.
काजूच्या बागायतीला लागून, उतारावर,
तीच निळी ताडपत्री, विरून पांढुरकी,
तिच्यावर चढलेली दोडकी,
खुंट्याला तीन शेळ्या (पुराआधी अकरा)
आणि सरकारी बादलीत पोफळीचं रोप.

"बादली फुटली?"
"फोडली. खिळा तापवून.
भोक नसलं की वरचं पाणी वरच राहतं,
मुळं कुजतात."

मी काही बोललो नाही.
तीच बोलत राहिली, दोडकी खुडत :
"शाळेमागं चर खणायला
तुम्ही वास्कोहून माणसं आणलीत.
आमचे हात काय पुरात वाहून गेलेले?
मजुरी आम्हाला दिली असती,
आणि तोच चर इथं वर खणून घेतला असता,
तर आज त्यात जोता उभा असता."

चार दोडकी दिली तिनं. सही मागितली नाही.

सोमवारी फाईल काखेत मारून जिना चढलो.
साहेब पणजीला, बैठकीला.
पायरीवर बसून फीत सोडली,
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
निघताना ती म्हणाली होती तेच लिहिलं,
तारीख घालून, तिच्याच शब्दांत :

बादलीत आणखी एक पावसाळा निघेल.
पुढं जमीन लागते.