गाठी

घरी बरं की सिव्हिलला, असं विचारलं
तर नरसव्वा उत्तर देत नाही.
फडताळातून सुताची लडी काढते.
एका बाळंतपणाची एक गाठ.
पांढऱ्या कुणी मोजल्या नाहीत.
लाल चार.

पांढऱ्यांतला एक मी.
साखर पेठेत, माग थांबवून
बापानं पाणी उकळलं म्हणे,
ब्लेड नवं होतं.

लालांचं ती एवढंच सांगते:
रक्त थांबेना, रिक्षा मिळेना.

परवा सुगुणाला कळा सुरू झाल्या,
तर विड्यांचं सूप बाजूला सारून
हीच ओरडली, एकशेआठला फोन लाव.

सिव्हिलला सिस्टरनं तिला दारातच अडवलं.
आत सुगुणाचा हात धरायला कुणी नव्हतं.
"ओरडू नको गं" तेवढं बाहेर येत होतं,
दर थोड्या वेळानं.

पहाटे मुलगी.
सुगुणाला दोन पिशव्या रक्त चढलं.
त्या पिशव्या आमच्या फडताळात नसतात.

लडी तिच्या कनवटीलाच होती.
गाठ मारली नाही.
"ही माझी नव्हं," म्हणाली,
आणि पोरीचे तळवे चोळत
सिस्टरला हळूच:
"पुढल्या बाईला तरी मला आत घ्या की वो.
काही करणार नाही.
नुसती उभी राहते."