डाग

या वेळी भिशी मला लागली.
चिठ्ठी फिलोमिनाने उचलली, रक्तपेढीच्या फ्रीजसमोर,
आणि सगळ्याजणी एका सुरात: सोनं घे.
सोन्याचा भाव विचारून मी चांदीवर आले,
जसं दादरचं विचारून माणूस बदलापूरला जागा घेतो.

शनिवार, अर्धी ड्युटी. धनजी स्ट्रीट.
गटाराच्या कडेला एक झारेकरी
घमेल्यात काळं पाणी गोल गोल फिरवत बसलेला.
त्याच्या चांदीला चेहरा नव्हता, साल नव्हतं,
ती आहे की नाही हेही अजून ठरायचं होतं.

किरीटभाईंनी दोन्ही काचेवर मांडलं.
डावीकडे लगड, शंभर ग्रॅम,
लॉजमधल्या साबणाच्या वडीएवढी,
अंगावर तीन नऊ आणि एक नंबर.
उजवीकडे डबीत राणीछाप, अठराशे बासष्टचा,
नाकाचा शेंडा शाबूत,
झग्यावरची वेलबुट्टी मोजून घ्यावी अशी.

'चांदी तोळाभर,' मी म्हटलं, 'आणि पैसे सहा तोळ्यांचे?'
'एक तोळा चांदीचा ताई, पाच राणीचे.'
'आणि विकायला आले तर?'
'लगड मी रात्री अकराला शटर ठोकलंत तरी घेईन.
राणीला गिऱ्हाईक भेटावं लागतं.'
मग आवाज उतरवून: 'हिला पुसायचं नाही हं.
काळी पडली तर पडू द्यायची.
पुसली की किंमत गेली.'

सतरा वर्षं मी नळ्यांवर नावं चिकटवते.
रक्त मशीनमध्ये गेलं की नाव बाहेर राहतं,
आतून येतो तो आकडा.
म्हणून लगड मला ओळखीची वाटली.
तरी डोळा सारखा उजवीकडे.
कुणाच्या कनवटीला असेल ही,
कुणी दाताखाली धरून पाहिली असेल, दगडावर वाजवून...
'छे,' किरीटभाई म्हणाले, 'ही कुणी वापरलीच नाही.
म्हणून तर महाग.'

म्हणजे दीडशे वर्षं नुसती राहिली.
ना मीठ आणलं, ना सुईणीच्या हातावर पडली,
ना एकदा तरी जुगारात हरली.

'वापरलेली दाखवा.'
त्यांनी गल्ल्याखालचा श्रीखंडाचा डबा उपडा केला.
वीस-पंचवीस कळकट रुपये.
त्यात एक, राणीच्या डोक्यावर चांदीचा फोड:
कधीतरी कडी जोडलेली, कधीतरी कुणी तोडलेली.
'डाग आहे. संग्राहक हात लावणार नाही.
हा वजनावर.'
डाग म्हणजे दागिनाही, आमच्याकडे.
पण हे मी बोलले नाही, भाव वाढला असता.
राणीचं नाक बोथट,
मागची अक्षरं तर पार सपाट;
ती कुणाच्या तरी छातीकडची बाजू.

काटा म्हणाला, अकरा पॉइंट एक.
उरलेली चांदी कुणाच्या पोलक्यात गेली
ते काट्याला माहीत नव्हतं.

चार लगडी घेतल्या. पक्कं बिल,
तीन टक्के जीएसटी, कॅल्क्युलेटरवर दोनदा.
आणि तो एक.

लगडी सोमवारी लॉकरमध्ये गेल्या.
पुन्हा भेटू तेव्हा त्या अशाच असतील,
मी भाव विचारेन. तेवढंच आमचं बोलणं.

रुपया किल्ल्यांसोबत असतो, झिजतो.
वाटेल तेव्हा मी तो ऍप्रनला पुसते.
रात्रपाळीला फिलोमिना विचारते, किती सुटले गं?
मी तो स्टीलच्या ट्रेवर टाकते.
बद्द आवाज येतो, डागामुळे.
'खोटा आहे,' ती म्हणते,
आणि उचलून पुन्हा वाजवते.