घटक क्रमांक अकरा

तळघरातल्या खोलीत आम्ही सहाजण,
तीन त्यांचे, तीन युनियनचे.
वर सस्कॅचवनचा फेब्रुवारी, उणे चौतीस,
खाली हीटरची शिट्टी आणि डोनटचा खोका.
कामाची किंमत ठरवायची आहे.
माणसाची नाही, डेल फ्रीसन दर बैठकीत बजावतो,
माणसाकडे बघायचं नाही, कामाकडे बघायचं.
म्हणून अर्जांवरची नावं काळ्या पट्टीखाली.

पण हे पेन्सिलचं अक्षर मी ओळखते.
सात लिहिताना त्याच्या कमरेला पट्टा बांधणारी
या इस्पितळात एकच :
ओरिसिया ह्नाटिउक, दुसरा मजला, रात्रपाळी,
अठ्ठावीस वर्षं म्हाताऱ्यांच्या कुशी बदलते आहे.

घटक चार, शारीरिक श्रम.
वीस किलोहून जास्त वजन पाळीत किती वेळा उचलता?
तिनं लिहिलंय :
माणूस किती जिवंत आहे, त्यावर.
पातळी तीन. अठरा गुण.

घटक सात, यंत्रसामग्री.
बॉयलरवाल्याला इथे बेचाळीस पडले होते.
बॉयलर फुटू शकतो.
तिच्याकडे एक हॉइस्ट, जो अधूनमधून चालतो,
आणि दोन हात.
हातांना रकाना नाही.

घटक नऊ. लोकांशी बोलावं लागतं का?
माहिती देणं, समजूत काढणं, की वाटाघाटी?
ती लिहिते, २०९ मधले आजोबा रोज विचारतात
बायको कुठे आहे.
आधी खरं सांगायचे. रोज नव्याने रडायचे.
आता नुसतं ‘गेलीय’ म्हणते,
कुठे ते सांगत नाही.
यावर पाऊण तास वाद.
ही माहिती धरायची, की वाटाघाट?

मग अकरा. स्वतंत्र निर्णय.
एक उदाहरण द्या.

पहाटे तीन चाळीस, खोली २१४.
त्यांना खिडकी उघडी हवी होती.
नोव्हेंबर ते मार्च उघडायची नाही असा नियम आहे.
बोटभर उघडली.
त्यांनी बर्फाचा वास घेतला, दोनदा.
चार वाजता लावून घेतली.
तोवर आटोपलं होतं.

कुणी डोनटला हात लावला नाही.
डेलनं चष्मा काढून पुसला,
(चष्म्याला दोन वर्षांतून एकदा दोनशे डॉलर,
मागच्या करारात आम्हीच भांडून मिळवलेले)
आणि हळूच म्हणाला,
हे ठेवलं तर पातळी चार.
आणि तिला शिस्तभंगाची नोटीस.

मी खोडरबर मागितलं.
माझ्याच हातानं पुसलं,
तिच्याच भल्यासाठी,
वर पेन्सिलनं लिहिलं :
गरजेनुसार वरिष्ठांना कळवते.
पातळी दोन.

बेरीज झाली. सह्या झाल्या.
ताशी एकतीस सेंट जास्त, एप्रिलपासून,
रात्रीचा भत्ता होता तोच,
दात भरायचे ऐंशी टक्के, मुकुट बसवायचा तर निम्मे.
सांगायला मी वर गेले.
ती चादरीचे कोपरे दुमडत होती.
एकतीस सेंट ऐकून तिनं मान हलवली,
जशी कुणी हवामान सांगितल्यावर हलवतं.
मग विचारलं,
अकरावं वाचलंत ना? काय म्हणाले ते?

सगळे गप्प झाले होते, मी म्हटलं.
हे खरंच होतं.
ती खुलली. चार पानं लिहून फाडली होती, म्हणाली,
तेव्हा कुठे तेवढं जमलं.

गावाबाहेर धान्याची कोठारं उभी,
मोसमाचा गहू पोटात घेऊन, पांढरी, गप्प.
बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात म्हणे,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
हिचे गहू तर बोलले होते.
पोत्याचं तोंड मी शिवलं.

गाडी तापेपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहिले.
बाहीवर रबराचा भुगा.
काच खाली करून पाहिली, बोटभर.
हलली नाही.
गोठली होती.