चौतीस फॉर्म

डॉक्टर हॅलक्रोंचा परवाना सप्टेंबरात संपतो.
चौतीस रुग्णांची मतं हवीत, चौतीसच,
आणि शेटलंडच्या उत्तर टोकावरच्या या बेटावर माणसं एकशे ऐंशी.
त्यातली अकरा डॉक्टरांच्या नात्यातली, ती बाद.
नऊ जण बोटीवर, मासळीमागे.
शिवाय लॉरी मॅनसन,
जो कुठल्याही कागदावर फक्त हवामान लिहितो.

हे मोजणं माझं काम.
दवाखान्यात टेलिफोन मी, चाव्या मी, हीटरला लाथ मारणारी मी,
आणि पाच वर्षांतून एकदा
डॉक्टरांना परीक्षेला बसवणारीही मीच.

*डॉक्टरांनी तुमचं ऐकून घेतलं का?*
*समजेल असं सांगितलं का?*
पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं.
लोक एकदा दाराकडे बघतात,
मग हाताचा आडोसा धरून खूण करतात,
मतदानाला करतात तशी.

रात्री आतल्या खोलीत दिवा.
वर्षाला पन्नास तास शिकल्याचा हिशेब द्यायचा:
मधुमेहाचे दोन,
हेलिकॉप्टर बोलावण्याच्या सरावाचे चार.
बुधवारच्या बोटीनं लर्विकहून तपासनीस येणार.
"तपासनीस नाही गं," डॉक्टर म्हणतात,
"तयारी करून घेतात ते."
कशाची, ते सांगत नाहीत.

चहा ठेवायला गेले तेव्हा पडद्यावर रकाना उघडा होता.
*महत्त्वाची घटना. काय घडलं? काय शिकलात? काय बदललंत?*
खाली एवढंच:
एकसष्ट वर्षांचा पुरुष, पाठदुखी.
पुढे कर्सर, उघडझाप, उघडझाप.

नाव लिहायचं नाही असा नियम आहे.
पण एवढ्याशा बेटावर पाठदुखी म्हटली
की मॅग्नस इंकस्टरच.
त्या दिवशीची वेळ मी दिली होती. दहा मिनिटं.
रात्री धुकं होतं, हेलिकॉप्टर उडालंच नसतं,
असं सगळेच म्हणतात.
फॉर्मात धुक्याला जागा नाही.

गुरुवारी नेटा आली. मॅग्नसची नेटा.
कानात मळ झाला होता.
फॉर्म निवडून द्यायचे नसतात, येईल त्याला द्यायचे,
आणि तेविसावी ती होती.
मी क्षणभर फोन वाजायची वाट पाहिली.
मग दिला.

"हे आजचं विचारतात की तेव्हाचं?"
आजचंच, मी म्हटलं.
"आजचं चांगलंय. समुद्र पुन्हा ऐकू येतोय,
जरा जास्तच."
शेवटच्या ओळीपाशी, *आणखी काही सांगायचं आहे?*,
सुतळी ताणून बराच वेळ लिहीत राहिली.
लिहिताना बोलायची सवय तिची,
आणि कान मोकळे झाले तरी आवाज अजून मोठाच:
"दीड वर्ष झालं, अंडी न्यायला येत नाही.
गाडी लांबच्या रस्त्यानं नेते.
माझ्या कोंबड्या काही अंडी द्यायच्या थांबलेल्या नाहीत."

पाकीट चिकटवलं. मला काही ऐकू आलेलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला, रंगीत पट्ट्यांत.
ऐकून घेणं: उत्तम. समजावणं: उत्तम.
एकानं लिहिलंय, हात गार असतात.
तळाशी बारीक अक्षरात:
*दोन शेरे वैद्यकीय सेवेशी संबंधित नसल्यानं वगळले आहेत.*

"एक लॉरीचा," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा कुणाचा गं?"
मी हीटर बघायला उठले.

बुधवारी बोट आलीच नाही. वारा दक्षिणेचा,
लॉरीनं बहुधा तेच लिहिलं असणार.
तपासनीस आता शुक्रवारी.
पडद्यावर दोन प्रश्नांची उत्तरं भरली होती, चांगली, मोजकी.
तिसऱ्यापुढे कर्सर.

सकाळी घरभेटींच्या यादीत
रक्तदाब आणि पायाच्या ड्रेसिंगच्या मध्ये मी लिहिलं:
इंकस्टर, वरचं घर, कान.
"साफ केले होते ना?"
"पुन्हा बघायला हवेत," मी खोटं बोलले.
"आणि जवळच्या रस्त्यानं जा,
लांबच्यावर खड्डे पडलेत."

डॉक्टर यादीकडे बघत राहिल्या.
बॅग उचलली, किल्ली शोधली, जिथं असते तिथंच होती.
मी खणातून अंड्यांचा रिकामा खोका काढला
आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.