सातवी पिढी

नरक्याचं झाड कोंडिबा ढेब्यांनी दाखवलं,
वेल्ह्याच्या वर, कारवीत.
"नाक वाकडं झालं की थांबायचं," म्हणाले.
थांबले.
अंगठ्याएवढी फांदी
बर्फाच्या डब्यातून पाषाणला आली.

सालीआड राहणारी बुरशी
प्लेटमध्ये कापसासारखी फुटली, राखाडी.
पहिल्याच खेपेला आलेखावर
अकराव्या मिनिटाला सुळका:
झाडाचं औषध, झाडाशिवाय!
सरांनी कँटीनभर क्रीमरोल वाटले.

दुसऱ्या पिढीत सुळक्याची टेकडी झाली.
चौथीत उंचवटा.
सातवीत नुसती रेघ.
बुरशी मात्र मजेत.
बटाट्याचा अर्क, साखर, अठ्ठावीस अंश,
चावायला कोणी येत नाही.
कशाला बनवेल ती विष?

रात्री साडेनऊला, शेकरच्या घरघरीत
आईचा फोन, देवगडहून.
"जेवलंस?"
"हो, जेवले."
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग, "जेवलंय म्हण गो,"
आणि तिनं विषय बदलला,
आंब्याला मोहोर किती, वगैरे.

फोन ठेवला. कपाटात
नरक्याची वाळकी पानं होती, मूठभर.
कुटली. वास तोच, नाक वाकडं करणारा.
फ्लास्कमध्ये टाकली.

नवव्या दिवशी, वहीत:
पिढी सातवी. पानांचा अर्क दोन टक्के.
अकराव्या मिनिटाला रेघ किंचित हलली.

सर म्हणाले, नॉइज आहे.
असेल.
पानं संपलीत.
कोंडिबांचा फोन लागत नाही,
डोंगरावर रेंज नसते.
शनिवारी पहाटेची एसटी आहे स्वारगेटहून.